वाऱ्यावर सोडलेलं प्रवाळ

2019 च्या उन्हाळ्यात बहरीनने एक अख्खं जंबो जेट समुद्रात बुडवलं. अपघात झाला नव्हता, सगळं ठरवून केलं होतं. सेवेतून निवृत्त झालेलं, सुमारे 70 मीटर लांबीचं बोइंग 747 विकत घेतलं, त्यातल्या तारा, तेलाचे अंश, प्लास्टिक आणि रबर काढून टाकलं, सांगाडा धुऊन घेतला आणि तो समुद्राच्या तळाशी नेऊन टेकवला. हौशी पाणबुड्यांनी ते पाहायला यावं, पंखांवर प्रवाळाने मूळ धरावं, खिडक्यांमधून माशांनी ये-जा करावी, अशी त्यामागची कल्पना. बातमी जगभर गाजली. फोटोही फार सुंदर आले.

पण ज्या बेटांच्या उत्तरेला आणि पूर्वेला निसर्गानेच प्रवाळाचे मैलोगणिक खडक घातले होते, तिथे मासे बोलवायला विमान का बुडवावं लागतं? याचं उत्तर थोडंसं उष्णतेत आहे आणि बरंचसं वाळूत. बहरीनच्या सरकारी आणि बिगरसरकारी बोलण्यात उष्णतेचा उल्लेख जितक्या सहजपणे येतो, तितका वाळूचा येत नाही. हा लेख त्या वाळूसाठी आहे. मात्र उष्णतेची गोष्ट आधी सांगितल्याशिवाय वाळूची कळणार नाही.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला मंगळाच्या अंगठीतलं लाल पोवळं आठवतं. ते भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या, थंड पाण्यात वाढणाऱ्या वेगळ्याच जातीचं. इथे ज्याच्याविषयी बोलायचं आहे ते खडक बांधणारं प्रवाळ. त्याचा मूळ प्राणी, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचाच असतो: मऊ पिशवीसारखं अंग, वर एकच तोंड, तोंडाभोवती स्पर्शकांचं कडं. हा जीव समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःच्या बुडाशी चुनखडीची बैठक रचत जातो. तो मरतो, बैठक उरते, तिच्यावर पुढची पिढी बसते. हजारो वर्षं हे चालतं तेव्हा खडक तयार होतो.

एवढं बांधकाम करायला लागणारी ऊर्जा पॉलिपला स्वतःच्या शिकारीतून मिळत नाही. ती पुरवतं त्याच्या शरीरात वस्तीला असलेलं एकपेशीय शैवाल. एका चौरस सेंटीमीटर प्रवाळात या शैवालाच्या दहा लाखांपर्यंत पेशी असू शकतात. उन्हावर साखर बनवायची आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला द्यायचा, असा हा करार. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही मुख्यतः या भाडेकरूंचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि त्यातून ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊ लागतात. मग पॉलिप भाडेकरूंना बाहेर काढतो. पारदर्शक अंगातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर काही आठवड्यांत खेळ संपतो आणि सांगाड्यावर तंतुमय शेवाळ चढतं.

जगातल्या बहुतेक प्रवाळांची ही लक्ष्मणरेषा 29 ते 31 अंश सेल्सियसच्या आसपास असते. बहरीनच्या समुद्रात ऑगस्टमध्ये पाणी 34-35 अंशांवर जातं, आणि हिवाळ्यात तेच पाणी 16 अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतं. वर्षभरात सुमारे वीस अंशांचा चढउतार. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधलं प्रवाळ इथल्या उन्हाळ्यात टिकणार नाही आणि हिवाळाही त्याला झेपणार नाही. क्षारतेचंही तेच. खुल्या महासागरात दर लिटरमागे साधारण 35-36 ग्रॅम मीठ असतं. बहरीनच्या उत्तरेला आणि पूर्वेला ते 42 ते 45 ग्रॅमपर्यंत जातं. दक्षिणेच्या सलवा आखातात ते 50 च्याही पुढे सरकतं आणि तिथे प्रवाळ जवळपास नाहीच.

हे असं का, तर पर्शियन आखात म्हणजे मुळात एक उथळ परात. सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. पाऊस नावापुरता, नद्यांचं पाणी उत्तर टोकाला थोडंसं, आणि बाष्पीभवन प्रचंड. महासागराशी संबंध येतो तो फक्त होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. ताजं पाणी वरून, इराणच्या किनाऱ्याला धरून आत येतं आणि खारट, जड झालेलं पाणी तळावरून बाहेर जातं. अख्ख्या आखाताचं पाणी असं बदलायला काही वर्षं लागतात. तोवर आत जे पडेल ते आतच फिरत राहतं. मीठ असो, तेल असो, नाहीतर गाळ.

त्याहून थक्क करणारी गोष्ट काळाची आहे. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. म्हणजे आखात कोरडं होतं, आणि तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी या खोऱ्यातून वाहत थेट होर्मुझपाशी समुद्राला मिळायचं. बर्फ वितळला, समुद्र आत शिरला, आणि आजचा किनारा ठरला तो साधारण सहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे बहरीनवर दिलमुन संस्कृतीची वस्ती आणि दफनभूमी उभी राहण्याच्या दोनेक हजार वर्षं आधी. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ काहीच नाही. एवढ्या अवधीत इथल्या प्रवाळाने आणि त्याच्यातल्या शैवालाने जगातल्या सर्वांत तापट समुद्राशी जुळवून घेतलं. 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी दक्षिण आखातातल्या या शैवालाची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि नावातच उष्णताप्रेमी असं विशेषण घातलं: थर्मोफिलम.

हे वाचून कोणाच्याही मनात येईल की मग हेच प्रवाळ उचलून लक्षद्वीपला, मालदीवला, ऑस्ट्रेलियाला का लावू नये? पुढच्या शतकाचं बियाणं आयतं तयार आहे! ही कल्पना तज्ज्ञांच्याही मनात आली होती. पण प्रयोगशाळेत आखाती प्रवाळ नेहमीच्या समुद्राइतक्या क्षारतेच्या पाण्यात ठेवून तापवलं, तेव्हा त्याची उष्णता सोसण्याची ताकद बरीच कमी झाली. मीठ आणि ताप यांच्याशी त्याने एकत्रच जुळवून घेतलं आहे, त्यातलं एक काढलं की दुसरं डळमळतं. त्यामुळे आखातातलं प्रवाळ आखातातच वाचवावं लागेल. दुसरीकडे त्याची शाखा निघणार नाही.

आता वाऱ्याकडे येऊ. वायव्येकडून वाहणाऱ्या शमाल वाऱ्याला बहरीनमध्ये राहणारी मराठी मंडळी धुळीसाठी शिव्या देतात. गाडीवर थर, घरात थर, डोळ्यांत चुरचुर. उन्हाळ्यात हाच वारा प्रवाळाचा प्राण राखतो. जोराचा शमाल सुटला की पाण्याच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन वाढतं आणि त्याबरोबर समुद्राची उष्णता हवेत निघून जाते. लाटांनी वरचं-खालचं पाणी घुसळलं जातं. समुद्र उथळ असल्यामुळे परिणाम लगेच तळापर्यंत पोचतो, आणि दोन-चार दिवसांच्या वाऱ्याने पाणी अंशभर किंवा त्याहूनही जास्त निवतं. ज्या प्रवाळाची सहनशक्ती शेवटच्या अर्ध्या अंशावर टेकलेली आहे, त्याच्यासाठी हा एक अंश म्हणजे सगळं काही.

2017 च्या उन्हाळ्यात दक्षिण आखातात नेमका हा वारा पडला. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र सपाट पडून राहिला आणि तापत गेला. अबुधाबी आणि आसपासच्या खडकांची जी पाहणी झाली तिच्यात 94 टक्के प्रवाळ पांढरं पडलेलं आढळलं. त्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान दोन तृतीयांश प्रवाळ मेलं. मरणं तिथेही थांबलं नाही. पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत तिथल्या खडकांवर जिवंत प्रवाळाचं आच्छादन सरासरी साडेसात टक्क्यांवर आलं होतं. एका वर्षात जवळपास तीन चतुर्थांश गेलं. जगात सर्वाधिक उष्णता सोसणाऱ्या प्रवाळाची ही गत, कारण त्याच्याकडे राखीव असं काहीच शिल्लक नाही.

बहरीनला हा फटका त्याआधीच बसून गेला होता. 1996 चा उन्हाळा आणि लगेच 1998 चा. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा पाणी तापलं आणि उथळ भागातलं बहुतेक प्रवाळ गेलं. सर्वांत आधी गेलं ते ॲक्रोपोरा, फांद्यांचं आणि पसरट मेजांसारखं वाढणारं प्रवाळ, जे वेगाने वाढतं आणि ज्याच्या फटींत लहान मासे लपतात. गोल, मेंदूसारखं दिसणारं चिवट प्रवाळ काही ठिकाणी तगलं. बहरीन आणि कतारच्या मधला फश्त अल अझम हा बहरीनचा सर्वांत मोठा प्रवाळ खडक. फश्त म्हणजे ओहोटीला डोकं वर काढणारा उथळ पट्टा. तिथे नंतरच्या पाहणीत जिवंत प्रवाळ शोधावं लागलं.

आता खरा मुद्दा. विरंजनाने मेलेला खडक कायमचा मेलेला नसतो. शेजारच्या खडकावर प्रवाळ उरलेलं असेल तर वसंतात त्याची अंडी-शुक्राणू पाण्यात सुटतात, त्यांचे सूक्ष्म डिंभ प्रवाहाबरोबर येतात आणि बसायला जागा शोधतात. त्यांना जागा हवी असते टणक आणि स्वच्छ. दहा-पंधरा वर्षांची उसंत मिळाली तर खडक पुन्हा भरतो. आखातात काही ठिकाणी तसं झालेलंही आहे. फश्त अल अझमवर ते झालं नाही. तिथल्या डिंभांना टणक जागेऐवजी गाळ मिळाला.

बहरीन हा छोटा देश आहे. 1960 च्या दशकात त्याचं क्षेत्रफळ 700 चौरस किलोमीटरही नव्हतं. आज ते 780 च्या पुढे आहे. म्हणजे साधारण 100 चौरस किलोमीटर जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. विमानतळाचा काही भाग, मनामाचा नवा चकचकीत किनारा, हिद्दचं बंदर आणि उद्योगक्षेत्र, अमवाज बेटं, दियार अल मुहर्रक, दक्षिणेची दुर्रत अल बहरीन ही सगळी या भरावावर उभी आहेत. तिथे राहणाऱ्या, शुक्रवारी अमवाजच्या किनाऱ्यावर डबे घेऊन बसणाऱ्या आपल्या माणसांच्या पायाखालची वाळूही समुद्राच्या तळातून उपसून आणलेली. भरावासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे उथळ पाणी, आणि उथळ पाण्यातच प्रवाळ, समुद्री गवत आणि खारफुटी असते. त्यामुळे नुकसान दोनदा होतं: जिथे भर पडते तिथे, आणि जिथून वाळू उपसली जाते तिथेही.

थेट गाडल्या गेलेल्या खडकाचं काय झालं ते सगळ्यांना दिसतं. दिसत नाही ते उपशाचं. ड्रेजर तळ खरवडतो तेव्हा बारीक चुनखडीचा पांढुरका गाळ पाण्यात मिसळतो आणि प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर जातो. एका पॉलिपच्या पातळीवर उतरून पाहू. गाळाचा कण अंगावर पडला की पॉलिप चिकट द्राव सोडतो, सूक्ष्म केसांच्या हालचालीने तो द्राव गाळासकट कडेला सारतो, आणि पोळीसारखा तो थर पाण्यात सुटून जातो. रोज थोडी धूळ असेल तर हे जमतं, आखातातल्या प्रवाळाला ते इतरांपेक्षा जास्त जमतं. पण दिवसरात्र गाळ पडत राहिला तर या झाडलोटीतच त्याची शक्ती संपते. त्याच वेळी पाणी गढूळ झाल्याने ऊन खाली पोचत नाही, म्हणजे शैवालाची कमाईही घटलेली. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, अशा अवस्थेत ऑगस्ट येतो. 35 अंशांचं पाणी निरोगी प्रवाळाने कदाचित सोसलं असतं. हे आधीच खंगलेलं असतं. पुढे पाहणी करणारा नोंद करतो: मृत्यूचं कारण विरंजन.

मला या एका वाक्यावर आक्षेप आहे. उष्णता हे कारण खोटं नाही, पण ते फार सोयीचं आहे. उष्णतेला सारं जग जबाबदार, म्हणजे कोणीच नाही. गाळाला परवाना देणारं कार्यालय असतं, तारीख असते, कंत्राट असतं.

भरावाने आणखी एक गोष्ट होते जी डोळ्यांना दिसत नाही: प्रवाह अडतात. बेटं, बंधारे, पुलांचे भराव यांनी उथळ समुद्राचं पाणी कोंडलं की ते जास्त तापतं आणि जास्त खारट होतं. त्यात खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पांचं गरम आणि अतिखारट पाणी परत समुद्रात जातं. बहरीनला त्यावाचून गत्यंतर नाही, पिण्याचं पाणी दुसरीकडून येणार नाही. सांडपाणी, सित्राजवळच्या कारखानदारीचे उत्सर्ग, तेलवाहू जहाजं ही भर वेगळी. 1991 च्या युद्धातल्या प्रचंड तेलगळतीचं नाव अशा वेळी हमखास निघतं, पण तिने मुख्यतः सौदी किनाऱ्याच्या ओहोटीपट्ट्याची दैना केली. बहरीनच्या प्रवाळाचं मोठं नुकसान त्या युद्धाने केलं नाही, शांततेतल्या बांधकामाने केलं.

प्रवाळ गेलं की काय जातं, हे मासळीबाजारात कळतं. बहरीनचा मानाचा मासा हामूर, आपल्या कोळणी ज्याला हेकरू किंवा गोबरा म्हणतात त्या कुळातला, खडकाच्या कपारीत राहणारा. त्याची पैदास आणि त्याचा आकार दोन्ही घटले आहेत. त्याला धरायचा तारेचा घुमटाकार पिंजरा, गरगूर, समुद्रात हरवला तरी वर्षानुवर्षं मासे अडकवत राहतो. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बहरीनने बंदी घातली हे चांगलं झालं. तिच्यावर कोळंबी पकडणारे नाराज आहेत, तेही स्वाभाविक आहे.

याच तळाशी आपलं एक जुनं नातं आहे. आजीच्या नथीतला बसरा मोती इराकमधल्या बसऱ्याचा नव्हता. बसरा हे व्यापाराचं बंदर. मोती निघायचा आखातातल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांतून, आणि त्यांतले उत्तमांपैकी पट्टे बहरीनच्या उत्तरेला. तिथून माल मुंबईला यायचा, इथे निवड व्हायची, भोकं पडायची, माळा ओवल्या जायच्या आणि मग काही युरोपला, काही पुण्या-सातारच्या सराफांकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या बहरीनच्या सुमारे 900 नौका आणि 17 हजारांवर माणसं या धंद्यात होती. जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, नाखुदा नौका घेऊन निघायचा. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचा, गळ्यातल्या जाळीच्या टोपलीत शिंपले भरायचा आणि दोरीला हिसका दिला की वरचा साथीदार त्याला ओढून घ्यायचा. दिवसाला अशा कित्येक बुड्या.

या लोकांना पिण्याचं पाणी समुद्रातूनच मिळायचं, आणि ही दंतकथा नाही. सौदी भूमीखालून येणाऱ्या भूजलाचे झरे बहरीनभोवती समुद्राच्या तळाशी फुटत होते. पाणबुड्या चामड्याची मशक घेऊन बुडी मारायचा, झऱ्याच्या तोंडाशी ती उघडायचा आणि गोडं पाणी भरून वर यायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरींनी भूजल इतकं उपसलं गेलं की ते झरे बहुतेक आटले. समुद्रातला उपसा आणि जमिनीखालचा उपसा एकाच पिढीत झाला.

जपानच्या संवर्धित मोत्याने आणि जागतिक मंदीने 1930 च्या दशकात हा धंदा बसवला. 1932 मध्ये जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागलं आणि माणसं तिकडे वळली. मोत्याचं जग 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यात मुहर्रकमधली जुनी घरं आहेत, आणि विशेष म्हणजे उत्तर समुद्रातले शिंपल्यांचे तीन पट्टेही आहेत: हैर बुल्थामा, हैर बू अमामा आणि हैर श्तय्या. मुहर्रकच्या त्या जुन्या वाड्यांच्या भिंतीही समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या. गिलावा उडाला आहे तिथे जवळ जाऊन पाहिलं तर दगडावर चांदण्यांसारख्या बारीक खळग्यांची ओळ दिसते. प्रत्येक खळगा एका पॉलिपची जागा होती.

बुल्थामा हे नाव लक्षात ठेवावं. किनाऱ्यापासून सत्तरेक किलोमीटर दूर, भोवताली खोल पाणी असलेला हा खडक. ड्रेजर तिथवर गेले नाहीत, गाळ तिथवर पोचला नाही, आणि खोल पाण्याच्या शेजारामुळे उष्णताही थोडी सुसह्य. बहरीनच्या हद्दीत नाव घेण्यासारखं जिवंत प्रवाळ उरलं ते अशा मोजक्या जागी. एकाच समुद्रात, एकाच आकाशाखाली किनाऱ्याजवळचा खडक मेला आणि दूरचा तगला. दोघांमधल्या फरकात खोलीचा वाटा आहेच, पण गाळाचा वाटा नाकारायचा असेल तर फार कसरत करावी लागेल.

फश्तांवरून भांडणं मात्र जोरात झाली. 1986 मध्ये फश्त अद दिबल या खडकावर बहरीनने तटरक्षक ठाणं बांधायला घेतलं, तेव्हा कतारचे सैनिक हेलिकॉप्टरने तिथे उतरले आणि त्यांनी बांधकामावरच्या परदेशी कामगारांना ताब्यात घेतलं. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. 2001 च्या निकालात दिबल कतारला मिळाला, तर जरादा बहरीनला. जरादा बेट आहे की नुसता ओहोटीला दिसणारा उंचवटा, यावर न्यायालयात काथ्याकूट झाला. भरतीच्या वेळी त्याचा पाण्याबाहेर राहणारा भाग असतो सुमारे 12 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद. आपल्याकडच्या एका टेम्पोला वळायला पुरणार नाही एवढा. तरी ते बेट ठरलं, कारण त्यावरून सागरी सीमा पुढेमागे होते. आज सुटीच्या दिवशी जरादाभोवती स्पीडबोटींची जत्रा भरते. नांगर पडतात ते पांढऱ्या वाळूवरही आणि प्रवाळावरही.

बुडवलेल्या विमानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कृत्रिम खडक वाईट नसतो. मासे आडोसा शोधतात आणि तिथे जमतात, पाणबुड्यांची गर्दी नैसर्गिक खडकावरून तिकडे वळते, हेही चांगलंच. पण जमलेले मासे म्हणजे वाढलेले मासे नव्हेत, आणि शेजारी ड्रेजर चालू असेल तर पंखावर बसू पाहणाऱ्या प्रवाळाचं नशीब खडकावरच्या प्रवाळासारखंच. विमान बुडवायला एक दिवस पुरतो आणि त्याची बातमी होते. उपशाच्या हंगामात गाळ रोखणारे पडदे लावणं, प्रवाळाच्या प्रजननाच्या आणि उन्हाच्या महिन्यांत ड्रेजर बंद ठेवणं, पाण्याचा गढूळपणा रोज मोजून मर्यादा ओलांडली की काम थांबवणं, यांची बातमी होत नाही. यातलं काहीही नवं नाही, जगातल्या अनेक बंदरांच्या परवान्यांत या अटी असतात.

हवामानाच्या आघाडीवर चित्र कठीण आहे. 2023 पासून जगभर विरंजनाची चौथी मोठी लाट आली आणि जगातल्या 80 टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राने विरंजनाइतका ताप सोसला. आपलं लक्षद्वीपही 2024 मध्ये त्यात होरपळलं. तापमानवाढ 2 अंशांवर गेली तर उष्ण समुद्रातलं जवळजवळ सगळं प्रवाळ जाईल, असं आयपीसीसीचे अहवाल सांगतात. तेलावर उभ्या राहिलेल्या देशांच्या दारातलं प्रवाळ त्याच तेलाच्या धुराने जावं यात एक क्रूर न्याय आहे, पण तो न्याय प्रवाळाला लागू करण्यात अर्थ नाही.

हे सगळं वाचून आखातातल्या श्रीमंतांना नावं ठेवायचा मोह होईल. त्याआधी मुंबईकडे पाहावं. सात बेटांचं शहर भरावानेच एक झालं, आणि ते काम अजून चालूच आहे. कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर भर पडणार हे ठरलं, तेव्हा तिथेही प्रवाळ आहे हे लोकांच्या ध्यानात आलं. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. म्हणून 2020 च्या अखेरीस तिथल्या प्रवाळाच्या 18 वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ जगतं हीच मोठी बातमी होती, आणि ती भरावाचा आराखडा पक्का झाल्यावर आपल्याला कळली.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली बुडालेला आंग्रे बँक हा मोठा प्रवाळ पट्टा आहे, कान्होजींच्या नावाचा. तिथवर अजून ड्रेजर गेलेला नाही. मालवणला स्नॉर्केलिंग करणार असाल तर पाय टेकायला प्रवाळावर उभे राहू नका आणि नांगर वाळूवर टाकायला नावाड्याला सांगा. बहरीनमध्ये असाल तर जरादालाही हेच करा. आणि तुमच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही भरावाची जनसुनावणी जाहीर झाली, तर तिला जा आणि एवढंच विचारा: तळाची पाहणी कोणी केली, कधी केली, आणि तो अहवाल कुठे वाचायला मिळेल?